नवीन टायर टाकले आणि गाडी सैल झाली : ग्राहक परत आला तर आधी काय तपासायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी अल्टोचं पुढचं चाक हाताने हलवून दाखवलं. बारा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून जे घाईत सुटलं ते इथे नीट लिहितो. टायरचं दुकान, अलाइनमेंटचं मशीन किंवा छोटं गॅरेज चालवणाऱ्यांसाठी हे आहे. पण जुनी गाडी वापरणाऱ्या कोणीही वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच, म्हणजे दुकानदार तुम्हाला काय सांगतो आहे ते कळेल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांच्याकडे २००८ ची अल्टो आहे, जपून वापरलेली. टायर पूर्ण गोटा झाले होते. चारही नवीन टाकले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, स्क्रीनवर सगळं हिरवं आलं. गुरुजी खुश, मीही खुश. चार दिवसांनी परत आले. म्हणाले, "काय जी, टायर दिले का फुगे दिले? गाडी डगमगून राहिली. बाजूनं ट्रक गेला का हलते."

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. "गुरुजी, नवीन टायर आहे, पाचशे किलोमीटर चालू द्या, बसून जाईल." चहा पाजला आणि पाठवून दिलं. त्यांना पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन समृद्धीने शिर्डीला जायचं होतं, हे ते बोलता बोलता सांगूनही गेले. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तीन दिवसांनी तिसऱ्यांदा आले. या वेळी चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. बुटीबोरीकडून येताना समोर गाय आली, ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. काही झालं नाही. पण मी ज्याला "बसून जाईल" म्हटलं होतं, ते हे होतं.

मी अर्धा खरा होतो, म्हणूनच जास्त चुकलो

"नवीन टायर आहे, बसेल" हे वाक्य पूर्ण खोटं नाही. नवीन टायरची नक्षी साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते. गोटा टायरची दीड-दोन मिलिमीटर उरलेली असते. (कारसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.) आता रबराचा ठोकळा जितका उंच तितका तो वाकतो. खोडरबर उभं धरून घासा आणि आडवं धरून घासा, फरक हाताला कळेल. स्टिअरिंग फिरवलं की आधी हे ठोकळे वाकतात, मग गाडी वळते. म्हणून नवीन टायरवर गाडी थोडी उशिरा उत्तर देते. शिवाय साच्यातून टायर सुटावा म्हणून कारखान्यात जो लेप लावतात, त्याचा अंश पहिले शे-दोनशे किलोमीटर राहतो. तोवर पकडही पूर्ण येत नाही.

म्हणजे थोडा मऊपणा येणारच, आणि तो थोड्या दिवसांत कमी होतो. पण तो चारही चाकांत सारखा असतो, रोज थोडा कमी होत जातो, आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला कधीच ओढत नाही. गुरुजींच्या तक्रारीत यातलं काहीच बसत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं तर कळणार कसं?

"सैल" म्हणजे नेमकं काय सैल, हे आधी विचारा

ग्राहकाकडे एकच शब्द असतो. गाडी सैल आहे, तरंगते, डगमगते, पकडत नाही, सगळं एकच. आपलं काम त्या एका शब्दातून चार वेगवेगळे आजार काढणं.

मी आता हे असं विचारतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन बोटं इकडेतिकडे फिरवलं तरी गाडीला कळत नाही, असं होतं का? मग शंका हवेवर, टाय रॉड एंडवर, स्टिअरिंग रॅकवर आणि टो वर. लेन बदलताना गाडी झोके घेते, एकदा हलली की दोनदा हलते? मग शॉकअप आणि हवा बघायची. वळणावर मागचा भाग बाहेर जातोय असं वाटतं? मग मागचे टायर जुने आहेत का, मागे हवा किती आहे, ते बघा. ब्रेक मारल्यावर किंवा ब्रेक सोडल्यावर गाडी झटका देऊन दिशा बदलते? हे वाक्य ऐकलं की गाडी बाहेर सोडायची नाही. तिथे कुठलं तरी बुश किंवा जॉइंट गेलेला असण्याची शक्यता फार मोठी असते, नाहीतर ब्रेकमध्येच गडबड असते.

आणि एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : टायर बदलायच्या आधी असं होत होतं का? "थोडं थोडं होतं" असं बरेच जण सांगतात. मात्र हे टायर बदलायच्या आधी विचारलं पाहिजे, नंतर विचारलं तर ग्राहकाला वाटतं तुम्ही अंग झटकताय. बीबीएमध्ये आम्हाला ग्राहक टिकवण्यावर एक अख्खा पेपर होता. त्यात हा प्रश्न नव्हता.

फुकटच्या तपासण्या आधी

खिशाला हात घालायच्या आधी ज्या गोष्टी पाच मिनिटांत बघता येतात त्या बघा. यात सगळ्यात पहिली हवा.

हवेवर मी जरा जास्तच बोलतो, व्हिडिओतही बोललो, कारण नागपुरात हा विषय वेगळाच आहे. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि डिसेंबरच्या पहाटे आपण दहा-बारा अंशांवर कुडकुडतो. तापमान ३० अंशांनी बदललं की ३० पीएसआयच्या टायरमध्ये साडेचार-पाच पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात भर दुपारी, गाडी वीस किलोमीटर पळवून आलेला माणूस गरम टायरवर ३० भरून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २५-२६ उरलेली असते. गाडी लोळणारच. म्हणून हवा थंड टायरवर मोजायची, आणि आकडा पोऱ्याला विचारायचा नाही, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात बघायचा.

उलटी चूकही होते. टायर रिमवर बसवताना काठ ठक्क करून बसावा म्हणून जास्त हवा मारतात, आणि मग ती उतरवायला विसरतात. अशी गाडी उड्या मारते आणि सिमेंट रोडच्या सांध्यांवर स्टिअरिंग हातात थरथरतं. नायट्रोजन भरला म्हणून हँडलिंग सुधारत नाही, हेही सांगून ठेवतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विकायचा असेल तर विका, पण सैल गाडीचं औषध म्हणून विकू नका.

पुढे आणि मागे वेगळी हवा लिहिलेली असेल तर ती तशीच ठेवायची. यावरून एक जुनी गोष्ट. अमेरिकेत शेव्हरोलेने १९६० च्या मॉडेलसाठी कॉर्व्हेअर नावाची गाडी काढली, इंजिन मागे. मागचं वजन जास्त म्हणून कंपनीने सांगितलं होतं, पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय आणि मागच्यात २६. पुढे १५? कोणत्याही हवावाल्याला ते चुकीचंच वाटणार. चारही चाकांत सारखी हवा भरली की या गाडीचा मागचा भाग वळणावर निसटायला तयार. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी या गाडीवर आपल्या पुस्तकात पहिलंच प्रकरण लिहिलं आणि अमेरिकेत वाहन सुरक्षेचा विषय पेटला. दोष गाडीच्या रचनेत होताच, पण बघा, हवेच्या एका आकड्यावर किती अवलंबून होतं.

हवेनंतर टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचा. गुरुजींच्या अल्टोवर १४५/८० आर १२, ७४ टी असं असतं. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो भार, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. चारही चाकांवर एकच माप आहे ना? बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "नवीन" म्हणून घेतलेला टायर कधी कधी चार वर्षं गोदामात झोपलेला निघतो.

माप बदललेलं असेल तर तेही डोक्यात ठेवा. अल्टोला बारा इंची रिम काढून तेरा इंची अलॉय आणि १५५/६५ टायर घालण्याची हौस बऱ्याच पोरांना असते. हिशोब केला तर बाहेरचा व्यास ५३७ मिलिमीटरवरून ५३२ वर येतो, म्हणजे फक्त एक टक्का फरक. टायरची भिंत ११६ वरून १०१ मिलिमीटर होते, त्यामुळे गाडी उलट टाइट वाटायला पाहिजे. तरी सैल वाटत असेल तर टायर सोडा आणि अलॉय बघा. मधलं भोक हबला नीट बसतं का, नट अलॉयचेच आहेत का? स्टील रिमचे नट अलॉयला लावले आणि बैठक जुळली नाही, तर घट्ट केलेला नटही सैल होतो.

नटचं तर बोलूच नका. गन लावली, टर्रर्र झालं, पुढचं चाक. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क लागतो, नेमका आकडा पुस्तकात असतो. शेवटचा फेरा टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट या क्रमाने, आणि अलॉय असेल तर ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा. माझ्याकडे आता गन फक्त नट काढायला वापरतात. पोरांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं.

दोनच टायर नवीन टाकले असतील तर ते कुठे टाकले? आपल्याकडे रिवाज आहे, पुढचे झिजले म्हणून नवीन पुढे. पण पावसात मागचे गोटा टायर आधी घसरतात, आणि मागचा भाग सुटला की साध्या माणसाला गाडी सावरता येत नाही. पुढचा भाग घसरला तर माणूस आपोआप पाय उचलतो आणि गाडी बरीचशी सावरते. म्हणून चांगले टायर मागे. ग्राहक वाद घालतो, घालू द्या, समजावून सांगा.

एक सोपी चाचणी : पुढचे दोन टायर मागे टाका, मागचे पुढे, आणि परत चालवा. तक्रार बदलली तर टायरमध्ये काहीतरी आहे. तक्रार जशीच्या तशी राहिली तर दोष बहुतेक गाडीत आहे. यात कोणाचं मत लागत नाही, ग्राहकालाही बाजूला बसवून दाखवता येतं.

स्क्रीन हिरवी, गाडी आजारी

गुरुजींच्या गाडीत हवा बरोबर होती. माप बरोबर, तारीख ताजी, नट घट्ट. चाकं अदलाबदल केली, तक्रार तशीच. मग पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले.

चाक घड्याळ समजा. नऊ आणि तीनवर हात ठेवून हलवलं की टाय रॉड एंड आणि रॅक एंड बोलतात. बारा आणि सहावर हलवलं की हब बेअरिंग आणि बॉल जॉइंट बोलतात. हलवताना दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंटकडे बघा. डाव्या चाकाला नऊ-तीनवर हलकी टक्-टक् येत होती. टाय रॉड एंड गेलेला.

मग खाली उतरवलं आणि दुसरी चाचणी. चाकं जमिनीवर, एक जण स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे, टक-टक-टक. दुसरा वाकून, प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवून. गाडीचं वजन चाकांवर असताना जो खेळ दिसतो तो हवेत लटकलेल्या चाकावर नेहमी दिसत नाही. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, हे इथे लक्षात येतं.

पण टाय रॉड एंडने ब्रेकवर इतकं ओढलं नसतं. खरा चोर पुढे सापडला. जुन्या मारुती ८०० आणि या जुन्या अल्टोमध्ये पुढचा स्टॅबिलायझर बार फक्त झोके कमी करत नाही. लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. त्याच्या टोकाचं रबरी बुश गेलं की ब्रेक मारल्यावर चाक बुशमधल्या मोकळ्या जागेतून मागे सरकतं. एक चाक मागे सरकलं आणि दुसरं जागेवर राहिलं, की गाडी दिशा बदलणारच. पाऱ्हाई लावून आर्म हलवला तर डावीकडचा चांगला बोटभर हलला. रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं फाटलेलं.

मग प्रश्न, अलाइनमेंटला हे का दिसलं नाही? कारण अलाइनमेंट उभ्या गाडीचं होतं. मशीनला दिसतं चाक आत्ता कुठे आहे. ब्रेक मारल्यावर ते कुठे जाईल, हे मशीनला माहीत नसतं. सैल जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर ठेवलेला तराजू. हिरवा आकडा खरा असतो, पण गाडी सुटेपर्यंतच.

आणि दुसरा प्रश्न गुरुजींनीच विचारला, जो मला सगळ्यात आवडला : "मग जुन्या टायरवर काहून नाही झालं?"

दोन कारणं. त्यांच्या गाडीचा टो आधी बराच आत होता, पहिल्या अलाइनमेंटच्या प्रिंटवर "आधी" च्या रकान्यात तो दिसत होता, मीच नीट बघितला नव्हता. चाकं आत वळलेली असली की चालताना ती जॉइंटवर सतत एका बाजूने दाब ठेवतात, आणि ढिला जॉइंट दाबाखाली गप्प बसतो. आम्ही टो सरळ केला, दाब गेला, जॉइंट मोकळा झाला आणि बोलू लागला. दुसरं कारण पकड. गोटा, कडक झालेला टायर ब्रेकवर थोडा घसरून जातो. नवीन टायर रस्ता धरतो, आणि तो सगळा जोर जातो बुशवर. म्हणजे टायरने गाडी बिघडवली नाही, बिघाड उघडा पाडला. पण ग्राहकाच्या दृष्टीने काल ठीक होती, तुमच्याकडे आली आणि बिघडली. तोही चूक नाही.

टाय रॉड एंड दोन्ही बाजूंचे, स्टॅबिलायझरची बुशं दोन्ही बाजूंची बदलली, मग परत अलाइनमेंट. हा क्रम उलटा करू नका. पार्टचे पैसे घेतले, मजुरी आणि दुसरं अलाइनमेंट नाही घेतलं. गुरुजी द्यायला तयार होते. मी नाही म्हटलं, कारण पहिल्या अलाइनमेंटच्या आधी ही तपासणी करणं माझं काम होतं.

आता दुकानाचा हिशोब

काही जण म्हणतील, प्रत्येक गाडी अशी तपासत बसलो तर धंदा कधी करायचा? मोजा. जॅकवर गाडी असतेच, टायर बदलताना चाक काढतोच. नऊ-तीन, बारा-सहा हलवायला एका चाकाला अर्धा मिनिट. बुशवर टॉर्च मारायला एक मिनिट. पाच मिनिटांत पुढची बाजू होते. उलट परत आलेली एक गाडी माझा एक बे अर्धा दिवस अडवते, त्या काळात दोन गाड्यांची कामं जातात, आणि गुरुजींसारखा माणूस कट्ट्यावर काय सांगेल ते वेगळं.

म्हणून आमच्या जॉब कार्डवर आता टायरच्या मापाच्या वर तीन ओळी आहेत. चालवताना काही तक्रार आहे का, ग्राहकाच्या शब्दांत जशीच्या तशी. जॉइंट-बुशमध्ये खेळ आहे का, कुठल्या चाकाला. थंड हवा किती सापडली, किती केली. खेळ सापडला तर ग्राहकाला खाली बोलावून त्याचाच हात चाकावर ठेवायचा. फोटोपेक्षा हात पटकन पटतो. तो म्हणाला "आत्ता नको, पुढच्या महिन्यात", तर कार्डवर तसं लिहून सही घ्यायची, आणि अलाइनमेंट करायचं नाही. हो, पैसे सोडायचे. सैल जॉइंटवर अलाइनमेंटचे पैसे घेणं मला आता जमत नाही.

फक्त एका गोष्टीत सही चालत नाही. बॉल जॉइंट निघायला आला असेल, किंवा ब्रेकवर गाडी ओढत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघायला सांगायचं नाही. आधी शहरात चाळीसच्या वेगाने फिरणारी गाडी अशी वर्षभर चालून जायची. आता शिवमडक्यापासून समृद्धी सुरू होते. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर उघडला, ५ जून २०२५ पासून मुंबईच्या दिशेने पूर्ण ७०१ किलोमीटर. कारला १२० ची मर्यादा, सरळसोट सिमेंट, तासन् तास एकच वेग. पंधरा-सतरा वर्षांच्या अल्टोने १२० गाठावं असं मी कोणालाच सांगणार नाही, पण लोक शंभरवर चालवतात हे खरं आहे. टायर तापतो, खेळ वाढतो, आणि बाजूने ट्रक जातो तेव्हा सावरायला वेळ कमी असतो.

गुरुजी दहा दिवस उशिरा शिर्डीला गेले. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सातला, टायर थंड असताना, हवा बघायला आले. स्वतःचं गेज घेऊन आले होते. आमच्या गेजपेक्षा त्यांचं दोन पीएसआयने वेगळं दाखवत होतं. तिसऱ्या गेजवर तपासलं तर चूक आमच्या गेजची निघाली. त्याच दिवशी नवीन आणलं.